सरकारी योजनेचं यूएक्स कसं करायचं? आधी फिगमा बंद करा, जीआर उघडा

डिझाईन शिकणारी पोरं मला अधूनमधून मेसेज करतात, दादा अमुक सरकारी वेबसाईटचं फिगमात (स्क्रीन डिझाईनचं सॉफ्टवेअर) रिडिझाईन केलंय पोर्टफोलिओसाठी, जरा बघता का. बघतो. गोल कोपऱ्यांची बटणं, मोठा फॉन्ट, हसऱ्या शेतकऱ्याचं चित्र, सगळं छान असतं, आणि आत तेच रकाने, तेच दाखले, तोच 'पीडीएफ अपलोड करा'. फॉर्म देखणा झाला, पण ज्या बाईला तो काल भरता येत नव्हता तिला आजही येत नाही, कारण ती जिथे अडकते ती जागा स्क्रीनवर नाहीचे, ती जीआरच्या, म्हणजे शासन निर्णयाच्या, चौथ्या पानावर आहे.

मी पुण्यात एका कंपनीत यूएक्सचं, म्हणजे वापरणाऱ्याला गोष्ट सोपी जाईल अशी घडवायचं, काम करतो, आणि २०२४ च्या जुलैत मावशीचा लाडकी बहीणचा फॉर्म भरायला म्हणून गावाला गेलो तो चार शनिवार-रविवार तिथल्या सेवा केंद्रात बसून आलो. तिथे जे शिकलो ते इथे लिहितोय. उदाहरण मुद्दाम लाडकी बहीणचं घेतोय, ते आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलंय. राजकारण बाजूला ठेवा, फक्त कागद बघा.

तर पहिलं काम म्हणजे जीआर प्रिंट करून घ्या. फुकट मिळतो, महाराष्ट्र शासनाच्या साईटवर विभाग आणि तारीख टाकली की येतो. दोन पेनं घ्या, लाल आणि निळं. अर्जदाराला जे जे करावं लागणार ते लाल, ऑफिस करणार ते निळं. प्रस्तावना सोडून द्या, पात्रता, अपात्रता, कागदपत्रं आणि कार्यपद्धती एवढंच वाचा. दहा मिनिटांत कळतं काम कुणाच्या अंगावर टाकलंय. माझ्या मते पॉलिसीच्या यूएक्समधला सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे. सातबारातल्या बाराचं उदाहरण घ्या, म्हणजे गाव नमुना बारा, पिकांची नोंद. ती आधी तलाठी करायचा, १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर आली आणि ते काम शेतकऱ्याच्या मोबाईलवर गेलं, शेतात उभं राहून फोटो काढा, लोकेशन द्या, अपलोड करा. यात फायदा आहे, स्वतःच्या पिकाची नोंद स्वतःच्या हातात येते, पण मग ॲप तपासायचं ते भर पावसात, चिखलात, एक कांडी रेंज असताना, साध्या फोनवर. वायफायच्या ऑफिसात चालतंय म्हणजे चालतंय असं नसतं.

लाल पेनाचे शब्द मोजून झाले की प्रत्येक कागदाची साखळी काढा. हे जरा वेळखाऊ आहे पण हाच गाभा आहे. २८ जून २०२४ च्या मूळ जीआरमध्ये अधिवास प्रमाणपत्र मागितलं होतं. लिहायला एक ओळ. आता साखळी बघा: अधिवास काढायला तहसील, त्याला जोडायला शाळा सोडल्याचा दाखला, शाळा माहेरच्या गावची, माहेर दुसऱ्या तालुक्यात, दाखल्यावर नाव माहेरचं आणि आधारवर सासरचं, मग दोघी एकच आहेत हे दाखवायला अजून एक कागद. आणि जी शाळेतच गेली नाही तिची साखळी पहिल्या कडीलाच तुटते. त्यात मुदत १५ जुलै, म्हणजे पेरणीचे दिवस.

साखळीसमोर एक साधा तक्ता करा, किती हेलपाटे, एसटीचे किती, झेरॉक्सचे किती, बुडालेला रोज किती, आणि कुणाची मनधरणी. हा शेवटचा रकाना कॉलेजात कुणी शिकवत नाही. पोलीस पाटील, सरपंचाचा पुतण्या, केंद्रवाला ऑपरेटर, यांच्या तोंडाकडे बघत बसावं लागणं हा पण खर्चच आहे, पैशात धरता येत नाही म्हणून सोडून देऊ नका.

आता गंमत बघा, त्या जुलैच्या पहिल्याच आठवड्यात सरकारने जीआर बदलला. अधिवासाच्या जागी १५ वर्षं जुनं रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, शाळेचा दाखला किंवा जन्मदाखला यातलं काहीही एक चालेल. पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको. पाच एकरांची अट गेली. वय ६० वरून ६५, मुदत ३१ ऑगस्ट. परराज्यातून लग्न होऊन आलेल्या बाईला नवऱ्याचे कागद चालतील. स्क्रीनवरचा एक पिक्सेल हलला नाही आणि सेवा केंद्रासमोरची अर्धी रांग घरी गेली. मी इतकी वर्षं बटणाच्या रंगावर मीटिंगा केल्यात, पण या चारपाच ओळींएवढा यूएक्सचा बदल माझ्या हातून काही झालेला नाही. फक्त तो बदल रांगा लागल्यावर आला. जीआर निघायच्या आधी कुणी दोन दिवस गावात बसून साखळी काढली असती तर तो पहिल्याच मसुद्यात आला असता, आणि तुम्हाला शिरायचंय ते तिथेच.

दुसरं काम, जाऊन बसा. सर्वे फॉर्म पाठवू नका, गुगल फॉर्म तर नाहीच नाही. सेवा केंद्राच्या ऑपरेटरची परवानगी घ्या, त्याला चहा पाजा, त्याच्या धंद्याच्या आड येऊ नका. सकाळची एसटी आल्यावर गर्दी होते तेव्हा पोचा. लॅपटॉप काढू नका, नाहीतर लोक तुम्हालाच ऑफिसातले साहेब समजून अर्ज पुढे करतात, माझ्याकडे पहिल्या दिवशी तिघींनी केले.

बायकांना 'फॉर्म कसा वाटला' हे विचारून काहीच मिळत नाही. सगळ्या 'चांगलाय' म्हणतात, परक्या माणसाला तोंडावर वाईट कोण सांगेल. त्यापेक्षा म्हणा, मावशी पिशवी दाखवता का. प्रत्येकीकडे एक पिशवी असते, बहुतेक कुठल्यातरी साडीच्या दुकानाची, आणि आत तिचं सगळं सरकार असतं. लॅमिनेट केलेलं आधार, दुमडून चार तुकडे झालेलं रेशन कार्ड, दोन बँकांची पासबुकं त्यातलं एक कुठलं ते आठवत नाही, पोराच्या शाळेच्या पावत्या, सासऱ्याचा मृत्यूचा दाखला, लाईट बिल, पासपोर्ट फोटोचं पाकीट ज्यात फोटो दहा वर्षांपूर्वीचे. या पिशवीत जे आहे त्यावर योजना चालली पाहिजे. पिशवीत नसलेला प्रत्येक कागद म्हणजे एक हेलपाटा, सोप्पा हिशोब. मी वीसेक पिशव्या बघून यादी केली, कुठला कागद सगळ्यांकडे आहे, कुठला अर्ध्यांकडे, कुठला कुणाकडेच नाही. ही एक पानाची यादी मला कुठल्याही पर्सोनापेक्षा, म्हणजे डिझायनर रंगवतात त्या नमुना युजरपेक्षा, जास्त उपयोगी पडली.

आणि ऑपरेटरकडे नीट बघा, कारण खरा युजर तोच असतो. स्क्रीनसमोर बाई बसत नाही, तो बसतो, किंवा अंगणवाडी सेविका स्वतःच्या फोनवर भरत असते. लाडकी बहीणमध्ये सेविकांना पात्र अर्जामागे ५० रुपये ठरले होते, म्हणजे मधल्या माणसाची किंमत जीआरनेच मान्य केली होती, मला तरी ते प्रामाणिक वाटलं. ऑपरेटरने मॉनिटरवर काय काय चिकटवलंय ते वाचा, 'फोटो छोटा करून टाकणे', 'नाव आधारप्रमाणेच', 'रात्री ११ नंतर साईट चालते'. ही प्रत्येक चिठ्ठी म्हणजे डिझाईनमधलं एक भोक आहे, त्याने कागदाने बुजवलेलं.

ओटीपीचं तर वेगळंच. आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा, नवरा कामाला भोसरीत, बाई केंद्रात. मग फोन, 'आवो नंबर आलाय का, सांगा पटकन'. तो मशीनवर, फोन उचलत नाही, ओटीपी मरतो, परत पाठवा. एकीकडे बँका घसा कोरडा करून सांगतायत की ओटीपी कुणाला सांगू नका, आणि दुसरीकडे सरकारी काम गावात ओटीपी ओरडून सांगितल्याशिवाय होत नाही. तुमच्या योजनेत ओटीपी असेल तर जीआरच्या समासात लिहा, हा फोन कुणाच्या खिशात असतो?

तिसरं, प्रश्न मोठ्याने वाचून बघा. मराठीत, बोलून. सप्टेंबर २०२५ मध्ये याच योजनेची ई-केवायसी, म्हणजे ऑनलाईन ओळख पडताळणी, सुरू झाली, त्यात शेवटी दोन गोष्टींना होय किंवा नाही करायचं होतं. पहिलीचा मथितार्थ असा, की माझ्या कुटुंबातले सदस्य सरकारी नोकरीत कायम नाहीत किंवा पेन्शन घेत नाहीत. म्हणजे पात्र बाईने 'होय' दाबायचं. मी ते मावशीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "न्हाई की! आपल्यात कोण हाय सरकारी?" आणि बोट 'नाही'कडे. तिचं उत्तर खरं होतं, मराठी म्हणून तर शंभर टक्के बरोबर होतं, कारण आपण नकारार्थी प्रश्नाला 'नाही' म्हणूनच दुजोरा देतो. पण कॉम्प्युटरच्या लेखी तिच्या घरात सरकारी नोकर निघाला असता.

हे दुरुस्त करायला डिझायनर लागत नाही, कान लागतो. 'तुमच्या घरात कुणी सरकारी नोकरीत कायम आहे का?' आणि बटणांवर नुसतं होय-नाही न लिहिता अख्खं उत्तर लिहा, 'आहे' आणि 'कुणीच नाही'. पेन्शनचा प्रश्न वेगळा विचारा, एका वाक्यात दोन प्रश्न नकोत. मग पाच जणींना वाचून दाखवा. दोघी जरी अडखळल्या तरी वाक्य बदला. याला खर्च म्हणजे झेरॉक्सचे दहा रुपये. खरंच, फॉर्मचं प्रोटोटाईप कागदावरच करा, पेनने भरायला द्या आणि कुठे पेन थांबतं ते बघत बसा, मधे बोलू नका. हे न बोलणं फार अवघड जातं, मी अजून चुकतो.

प्रत्येक प्रश्नाला अजून एक चाळणी लावा, हे सरकारला आधीच माहीत आहे का? रेशन कार्डाचा रंग सरकारनेच ठरवलाय, मग त्यावरून उत्पन्नाचा अंदाज सरकारला आहेच, म्हणून तर तो दाखला गाळता आला. जे माहीत आहे ते परत विचारू नका, दाखवा आणि 'हे बरोबर आहे का' एवढंच विचारा.

चौथं, चौकटीत न बसणारी माणसं आधीच लिहून काढा. त्या ई-केवायसीत बाईच्या ओटीपीनंतर नवऱ्याच्या किंवा वडलांच्या आधारचा ओटीपी मागत होते. आता विधवा, जिचे वडीलही नाहीत? घटस्फोटित? नवऱ्याने टाकलेली, जिच्याकडे कोर्टाचा कागद पण नाही? मुदत आधी १८ नोव्हेंबर होती ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढली आणि विधवा-घटस्फोटित बायकांनी स्वतःची केवायसी करून मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा असा मार्ग निघाला. टाकलेलीकडे यातलं काहीच नसतं. गावात दहा मिनिटं बसलेल्या कुणालाही या तीन बायका पहिल्याच दिवशी भेटतात, त्या अपवाद नाहीतच मुळी.

बाईला पुरुषावरून ओळखायची ही खोड जुनी आहे. पहिल्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी, १९५१-५२ ला, मतदार यादीत लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही, अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन नाव हवंच म्हणून अडून बसले आणि शेवटी सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. त्यांचा हट्ट तत्त्वाला धरून होता असं मलाही वाटतं, पण किंमत कुणी मोजली ते बघा. याच निवडणुकीत त्यांच्या आयोगाने दुसरीकडे कमाल केली होती. सतरा कोटींवर मतदार, बहुतेकांना वाचता येत नाही, तर प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह, मतपत्रिका फक्त हव्या त्या पेटीत टाकायची, खूण नाही की सही नाही. वाचता न येणारा माणूस हाच मुख्य मतदार धरून नियम केला. यूएक्स हा शब्द तेव्हा कुणाच्या गावीही नव्हता.

आता अवघड भाग. तुम्ही म्हणाल कागद कमी करा, आणि समोरचा अधिकारी म्हणेल मग बोगस घुसतात त्याचं काय. त्याला उडवून लावू नका, तो खरं बोलतोय. याच योजनेत २०२५ च्या जुलैत सरकारने स्वतः सांगितलं की सव्वीस लाखांवर लाभार्थी अपात्र असल्याचं दिसतंय, त्यात १४ हजारांवर पुरुष पण निघाले. म्हणजे दार मोठं केलं तर हे होतं. माझं मत असं, की कागद वाढवून बोगस माणूस अडत नाही, त्याच्याकडे एजंट असतो आणि एजंटकडे कागद असतात. अडते ती पिशवीवाली. पडताळणी सरकारने आपल्याकडच्या याद्या एकमेकांशी लावून मागच्या बाजूने करावी, आणि ती पैसे सुरू व्हायच्या आधी करावी. वर्षभर हप्ते देऊन मग बंद केले की खरी पात्र बाईही घाबरते, आता हे परत घेणार का म्हणून. तुमच्या प्रस्तावात ही मागची पडताळणी लिहिलेली नसेल तर तो प्रस्ताव अर्धवट आहे, आणि अधिकाऱ्याने तो बाजूला ठेवला तर चूक तुमचीच.

अधिकाऱ्याकडे जाताना यूएक्स, जर्नी मॅप, एम्पथी हे शब्द घरी ठेवून जा. चाळीस स्लाईडचं प्रेझेंटेशन पण नको. एका पानाची टिपणी न्या. डावीकडे जीआरचं कलम जसंच्या तसं, उजवीकडे तुमचं सुचवलेलं वाक्य, खाली तीन ओळीत कारण: अमुक हेलपाटे वाचतील, अमुक अर्ज परत येणार नाहीत, ऑडिटला हा कागद दाखवता येईल. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण सही त्याची असते आणि ऑडिटचा आक्षेप त्याच्या नावावर येतो, तुमच्या नाही. 'फॉर्म सोपा करा' असं कुणीही सांगतं, तयार वाक्य क्वचित कुणी देतं. आणि वेळ बघून जा. अधिवेशनाच्या आठवड्यात कुणी भेटत नाही, आचारसंहिता लागली की नवीन काही होत नाही.

मोठा बदल जमत नसेल तर लहान मागा, लहान बदल पण जातात लांब. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला तेव्हा त्यात एक गोष्ट अशी होती की दोन खातेदारांच्या नावांमध्ये ठिपक्यांची रेघ. बस, रेघ. पण एकाच उताऱ्यावर नऊ भावकीची नावं एकाखाली एक चिकटून आलेली ज्याने बँकेच्या काउंटरवर बोट ठेवून वाचलीत त्याला त्या रेघेची किंमत कळेल.

शेवटी अर्ज गेल्यानंतरचं. इथे सगळे दमलेले असतात म्हणून हे कायम राहतं. २०२४ ला नारीशक्ती दूत ॲपवर अर्ज भरला की स्टेटस दिसायचं 'इन पेंडिंग टू सबमिटेड'. अर्ज पेंडिंग आहे का सबमिट झालाय? यूट्यूबवर नुसता याचा अर्थ सांगणारे व्हिडीओ निघाले होते. स्टेटस लिहिताना तीनच गोष्टी लिहा: अर्ज आता कुणाकडे आहे, तुम्हाला काही करायचंय का, कधीपर्यंत वाट बघायची. 'तुमचा अर्ज तालुक्याला तपासायला गेलाय. तुम्हाला काही करायचं नाही.' एवढं वाक्य एक फेरी वाचवतं. यश मोजताना पण किती अर्ज आले हा आकडा घेऊ नका, तो पेपरात छापायला बरा. किती अर्ज परत आले, कुठल्या कारणाने, आणि एका अर्जामागे किती फेऱ्या, हे मोजा. ऑपरेटरला एक वही द्या आणि परत आलेल्या प्रत्येक अर्जाचं कारण एका शब्दात लिहायला सांगा, महिन्याभरात डोळे उघडतात.

मावशीचं सांगायचं राहिलं. रक्षाबंधनाच्या आधी पहिले दोन हप्ते, तीन हजार, आले म्हणून गावभर बायका सांगत होत्या, हिचं स्टेटस मंजूर आणि पासबुकात काही नाही. ती तीनदा बँकेत गेली, तिथे सांगितलं आधार लिंक आहे. लिंक होतंच, पण डीबीटीचा, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारा, पैसा लिंकवर जात नाही, आधारला जी बँक शेवटी सीड झालेली असते, म्हणजे सरकारी पैसे घ्यायला नोंदलेली असते, तिथे जातो, आणि हिची शेवटची सीड बँक म्हणजे काही वर्षांपूर्वी गावात मेळाव्यात उघडून दिलेलं खातं, ज्याचं पासबुक त्या पिशवीत तळाशी होतं. आधारच्या साईटवर बँक सीडिंग स्टेटस बघितल्यावर दोन मिनिटांत कळलं. पैसे तिथेच पडले होते. म्हणून मी आता कुठल्याही पैसे देणाऱ्या योजनेच्या फॉर्मात, खाते क्रमांक विचारायच्याही आधी, एक ओळ टाकायला सांगतो: 'तुमचे पैसे या बँकेत येतील', पुढे आधारला सीड असलेल्या बँकेचं नाव, आणि खाली दोन बटणं, 'हे खातं मी वापरते' आणि 'हे माझ्या लक्षात नाही'. दुसरं बटण मावशीने सुचवलंय.